पाटावरचा माऊस

१

आमचं सेवा केंद्र म्हणजे घराचीच पुढची खोली. हदगावात बाजाराच्या रस्त्याला लागून घर आहे, म्हणून भिंतीवर फलक ठोकला, टेबल टाकलं, कॉम्प्युटर, प्रिंटर आणि अंगठा घ्यायचं यंत्र मांडलं. मग मी, वर्षाराणी, सरकार आणि शेतकरी यांच्या मधोमध जाऊन बसले. सातबारा काढा, पीकविमा भरा, म्हाताऱ्यांचे घासून गुळगुळीत झालेले अंगठे पुन्हा पुन्हा यंत्रावर दाबा. सर्व्हर मुंबईत बंद पडतो आणि बोलणी मी हदगावात खाते.

दुपारी गर्दी ओसरली की माझ्या सासूबाई साखराबाई मागच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर येऊन बसायच्या. त्यांना मी आत्या म्हणते. डोक्यावरचा पदर सारखा करून त्या म्हणायच्या, "दे बरं तुजा उंदीर."

मी माऊस द्यायची. आत्या तो उलटा धरायच्या, वायर स्वतःकडे करून. किती वेळा सांगितलं, पण नाही. "शेपूट आपल्याकडं असलं म्हंजी जनावर पळत न्हाई," हे त्यांचं उत्तर ठरलेलं.

पडद्यावर आमच्या पाखऱ्या बैलाचा फोटो होता. पाखऱ्या गेल्या उन्हाळ्यात मेला. आत्यांना माऊसचा बाण त्याच्या कपाळावर न्यायचा असे. हात वर नेला की बाण खाली पळायचा, डावीकडे नेला की उजवीकडे. बाण कोपऱ्यात जाऊन आपटला की आत्या थांबायच्या, विचार करायच्या आणि मग अडखळत अडखळत त्याला वर आणायच्या. "तुज्या नवऱ्यावर गेलाय हा. सांगावं एक, करतो दुसरंच." शेवटी बाण पाखऱ्याच्या कपाळावर पोचला की तो तिथंच थोडा थोडा हलवायच्या. म्हणजे बैलाचं कपाळ खाजवायच्या. मला हसू यायचं, पण त्या वेळेची मी सकाळपासून वाट बघायची, हेही खरं.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडतात. कोयता, खुरपी, वखराचं पातं म्हणजे पास, माझी शिवणाची कात्री. केंद्र सुरू झाल्यापासून कीबोर्ड आणि माऊसही त्या रांगेत आले. हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. मग रात्रभर त्यांना कुणी हात लावायचा नाही, ती निजलेली असतात. दसऱ्याच्या सकाळी आत्या अक्षता टाकून एकेकाला जरासं हलवायच्या आणि म्हणायच्या, "ऊठ माय, कामाला लाग." आत्यांनी हलवल्याशिवाय कोयतासुद्धा उचलायची कुणाची हिंमत नव्हती.

या दसऱ्याला त्यांनी कोयता उठवला, खुरपी उठवली, कात्री उठवली. माऊसवर हात ठेवला आणि तशाच पाटावर कलंडल्या.

२

आमच्या यांनी, म्हणजे बजरंगनं, आत्यांना नांदेडच्या दवाखान्यात नेलं. आत एकाच माणसाला बसू देत होते, आणि घरी म्हैस होती, म्हणून मी मागे राहिले. डॉक्टर म्हणाले, डोक्यात रक्त साकळलंय, श्वास चालू आहे, पण हाकेला ओ नाही. हे फोनवर सांगताना आमचे हे रडले. लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांचं रडणं ऐकलं.

पाट तसाच देवासमोर होता. झेंडू सुकला होता. लोक दारात येऊन उभे राहत होते, विम्याची मुदत संपत आलेली. शेवटी मी पाटावरून कीबोर्ड आणि माऊस उचलले, कुंकू पदरानं पुसलं आणि वायर मागे खोचली.

दोन्ही मेल्यासारखे. कळ दाबली तर अक्षर नाही, माऊस फिरवला तर बाण जागचा हलेना. माऊसच्या पोटातला लाल दिवा मात्र लागलेला. वायर काढून दुसऱ्या छिद्रात घातली. मग तिसऱ्या. डब्याचं बटण दाबून कॉम्प्युटर बंद करून चालू केला. कुंकू आत गेलं असणार म्हणून जुन्या दातघाशीनं कळा घासल्या, कीबोर्ड पालथा करून झटकला, तर अक्षता आणि झेंडूची एक पाकळी पडली. मला वाटलं, सापडला रोग. पण पुन्हा लावला तर तेच.

चौकात मारोतीभाऊंचं मोबाईलचं दुकान आहे. तिथं दोन्ही घेऊन गेले. त्यांच्या कॉम्प्युटरला लावले आणि लगेच चालले. मारोतीभाऊंनी माझंच नाव टाईप करून दाखवलं. "ह्याला काय धाड भरली? ब्येस चालून राहिलं. तुमचा डबाच गेला असंल." मग त्यांच्याकडची नवी जोडी घरी आणून लावली. तीही मुकी. नवी जोडी परत दिली आणि आपली पुन्हा लावून ठेवली.

शेजारच्या शिवगंगाकाकू दूध न्यायला आल्या होत्या. त्यांनी आधी पाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अर्धीच ऱ्हायली ना गं पूजा? जिनं निजवलं तिलाच उठवू द्यायचं व्हतं."

"काकू, ते यंत्र आहे. त्याला वीज लागते, पूजा नाही."

"हाव बाई, तूच शिकलेली." त्या दूध घेऊन गेल्या. मला त्यांचा राग आला आणि थोडी भीतीही वाटली.

३

दुपार झाली. जिनिंगच्या कारखान्यातून घरघर येत होती. या दिवसांत कापसाचे बारीक तंतू हवेतून सगळीकडे फिरतात. उन्हाच्या पट्ट्यात ते इतके सावकाश तरंगतात की बघता बघता डोळा लागतो. मी टेबलावर डोकं टेकवलं होतं. झोपले होते की जागी होते, नीट सांगता यायचं नाही.

डोळे उघडले तर पडद्यावर बाण हलत होता.

माझे दोन्ही हात मांडीवर होते. बाण खाली गेला आणि कोपऱ्यात आपटला. थांबला. मग उजवीकडे निघाला, पुन्हा थांबला आणि अडखळत वर येऊ लागला. बाण पाखऱ्याच्या कपाळावर आला आणि तिथंच थोडा थोडा हलू लागला.

मी आधी माऊसची वायर उपटली. बाण हलतच राहिला. मग इंटरनेटची वायर काढली. दूर बसून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवणारे लोक असतात, हे मला ठाऊक आहे. पण इंटरनेट नसताना ते कुठून येणार? बाण पुन्हा कोपऱ्यात गेला आणि पुन्हा निघाला.

मी यांना फोन लावला. "आत्या कशा आहेत?"

"तशाच. पर एक सांगू का? उजवा हात हलवून राहिली. बोटं आखडून, पालथा हात चादरीवर फिरवती. डॉक्टर म्हणत्यात, झटके असत्यात तसे, त्याला काय अर्थ न्हाई."

"आत्ता फिरवतायत?"

"हाव. आत्ताच."

मी पडद्याकडे बघत म्हटलं, "आता थांबल्या का?"

"हाव, थांबली. तुला कसं कळलं?"

बाण बैलाच्या कपाळावर थांबला होता.

मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगते, आनंद झाला. मी दार लोटून घेतलं, बाहेर 'मशीन बंद आहे' असा कागद चिकटवला आणि खुर्ची पडद्याजवळ ओढली. "आत्या," मी म्हटलं, "म्हैस आज दूध चोरून राहिली. तुमचीच आठवण काढत असेल." बाण जरासा हलला. त्या दिवसापासून रोज दुपारी मी त्यांच्याशी बोलायची. भाजी काय केली, कोण येऊन गेलं, कुणाची सोयाबीन भिजली. कापूस तरंगत राहायचा आणि दुपार कधी सरायची, कळायचं नाही.

एकदा वीज गेली. इन्व्हर्टरनं उचललं नाही, पडदा काळा झाला. मी धावत जाऊन बॅटरीची वायर दाबली, कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. बाण आला, पण बराच वेळ हलला नाही. तेवढ्यात यांचा फोन. "आत्ता आईचा श्वास अडकला व्हता. नळी टाकायची तयारी केली त्यांनी, अन् एकदम आपोआप सुरू झाला."

मी त्यांना काहीच सांगितलं नाही. मारोतीभाऊंकडून इन्व्हर्टरला नवी बॅटरी बसवून घेतली आणि कॉम्प्युटर बंद करणं सोडून दिलं. आत्या जगायच्या तर पडदा चालू राहिला पाहिजे, एवढंच मला कळत होतं. मनातून मीच मला वेडी म्हणत होते, आणि तरी रात्री उठून पडदा बघून येत होते.

४

फोन आला तेव्हा मी पडद्यासमोरच बसले होते. यांच्या हसण्यानंच सुरुवात झाली.

"वर्षा, आई उठली! डोळे उघडले, पाणी मागितलं. माझं नाव घेतलं. म्हशीचं इचारलं. डॉक्टर म्हणाले, आमालाबी वाटलं नव्हतं."

मी देवाला हात जोडले. खुर्चीतच रडले. "आता काय करतायत?"

"बसलीय उशीला टेकून. च्या पिऊन राहिली. दोनी हातांत कप धरलाय बघ."

मी डोळे पुसून समोर पाहिलं.

बाण हलत होता. कोपऱ्यातून निघाला होता, नेहमीसारखा चुकत, अडखळत. पाखऱ्याच्या कानापाशी पोचला होता.

"अहो, नीट बघा. उजवा हात हलतोय का?"

"काहून हलंल? कप हाय ना हातात. घे, बोल तिच्यासंगं." फोन हातातून हातात गेल्याचा आवाज झाला. मग आत्यांचा आवाज आला. थोडा घोगरा, पण त्यांचाच. "वर्षा, बरी हाईस ना माय? लई तरास दिला गं म्या तुमाला."

"नाही आत्या," मी म्हटलं. "तुम्ही लवकर घरी या."

बाण कपाळावर पोचायच्या आतच थांबला, आणि मागे मागे सरकत कोपऱ्यात गेला. नंतर बराच वेळ तो तिथंच होता.

५

आत्या घरी आल्या तेव्हा गल्ली जमली. शिवगंगाकाकूंनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. आत्या बारीक झाल्या होत्या, पण चालत आत आल्या. यांनी हात धरला होता, तो त्यांनी सोडवून घेतला. "म्या काय लेकरू हाय का?" सगळे हसले. मीही हसले.

मी त्यांच्यात चूक शोधत होते आणि चूक सापडत नव्हती. सगळी नावं आठवत होती. भाकरी तशीच पातळ थापायच्या. माझ्याशी तर पहिल्यापेक्षा गोड बोलायच्या. मी स्वतःला समजावलं, मेंदूला मार बसला की माणूस मऊ होतो, डॉक्टरही म्हणालेत. पडद्याचं काय, ती कुठली तरी बिघडलेली चिप असेल. यांना तर मी इतकं खुश कधी पाहिलं नव्हतं. शेतातून आले की आधी आईच्या पायाशी बसायचे, तिचे तळवे चोळायचे. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, पण आईजवळ बसला की आवाज लहान मुलासारखा व्हायचा.

दुसऱ्या दिवशी आत्यांची नजर पाटावर गेली. "हे काहून आजून मांडून ठेवलंय गं? घाण झाली नुसती." त्यांनी केरसुणी घेतली, सुकी फुलं, अक्षता झाडून सुपलीत भरल्या, वखराची पास उचलून कोपऱ्यात टाकली आणि पाट भिंतीला उभा केला. कुणाला हलवलं नाही. कुणाला उठवलं नाही. मी दारात उभी होते.

कीबोर्ड अजून मुकाच होता.

त्या दुपारी आत्या स्वयंपाकघरात गेल्या तशी मी पडद्यासमोर जाऊन बसले. बाण कोपऱ्यात होता आणि तिथंच थरथरत होता. मी हळूच विचारलं, "आत्या, तुम्ही आहात का?"

फोटोत पाखऱ्याच्या मागची झाडी गडद आहे. तिथं काचेत आपलं तोंड दिसतं. मला माझं तोंड दिसलं. माझ्या खांद्यामागे ती प्लास्टिकची खुर्ची होती आणि खुर्चीवर कुणीतरी बसलं होतं. पदर डोक्यावरून पुढं ओढलेला. एक हात पुढं आलेला, बोटं आखडलेली, माऊस मागितल्यासारखा.

त्याच वेळी आतून भांड्यांच्या आवाजात आत्यांची हाक आली, "वर्षा, मीठ कुठं ठेवलंस गं?"

मी मागे वळले नाही. "फडताळात आहे," एवढं म्हटलं. काचेतली बाई तशीच बसली होती. माऊस उचलून मी तो उलटा केला, वायर मागच्या खुर्चीकडे केली आणि हात मागे नेऊन धरून ठेवला. माझ्या बोटांवर कुणाची तरी बोटं टेकली. गार नव्हती. कोमट होती, भाकरी थापून आलेल्या हातासारखी.

६

मग काही दिवस मी दोघींना सांभाळलं. आत एकीला औषधं द्यायची, बाहेर दुसरीशी बोलायचं. यांना सांगायला किती वेळा तोंड उघडलं. पण काय सांगणार? तुमच्या पायाशी बसून तुम्ही जिचे तळवे चोळता ती तुमची आई नाही? तुमची आई पुढच्या खोलीत आहे, आणि तिला हात नाही, पाय नाही, एक बाण तेवढा आहे? त्यांनी मलाच नांदेडला नेऊन दाखवलं असतं. आणि मी चुकत असले तर?

शेवटची दुपारही तशीच कापसाची होती. हे शेतातून लवकर आले होते, उंबऱ्यावर बसून आईला बोंडं दाखवत होते. मी पडद्यासमोर होते. बाण बैलाकडे निघाला होता.

मागे पावलं वाजली. त्या येऊन माझ्या खांद्याशी उभ्या राहिल्या. बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. बाण मध्येच थबकला.

"हे कोण फिरवून राहिलंय गं?"

"कुणी नाही. बिघडलंय ते."

"मंग रातंदिस चालू काहून ठिवतीस? लाईट फुकट हाय का?" आवाजात राग अजिबात नव्हता. लेकीला समजवावं तसं बोलणं. त्या भिंतीकडे वळल्या.

मी उठले. त्यांचा हात धरता आला असता. दोन पावलांवर तर होत्या. पण दारातून हे बघत होते. आई आधाराशिवाय एकटी चालत गेली म्हणून त्यांचा चेहरा उजळला होता. "बघ, बघ वर्षा, कशी चालून राहिली!" ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या चेहऱ्याकडे बघून माझा हात उचललाच नाही.

बाण धावत सुटला. चुकला नाही, अडखळला नाही, सरळ माझ्याकडे, पडद्याच्या अगदी खालच्या कडेला, जिथं माझे हात होते तिथं येऊन थांबला.

त्यांनी आधी बोर्डाचं बटण दाबलं. मग वाकून इन्व्हर्टरचं.

पडदा काळा झाला. काचेत मी होते. मागची खुर्ची रिकामी होती. माझ्या तोंडून आवाज निघाला असेल, कारण हे उठून आत आले. "काय झालं गं?"

"काही नाही," मी म्हटलं. "एक काम सेव्ह करायचं राहिलं होतं."

त्या हसल्या. माझ्या पाठीवरून हात फिरवला. हात गार होता, पण आजारातून उठलेल्या माणसाचा असतोच. "च्या टाकती म्या," म्हणाल्या आणि आत गेल्या. संध्याकाळी मी माऊसची आणि इंटरनेटची वायर पुन्हा खोचून कॉम्प्युटर चालू केला. कीबोर्डवर बोट ठेवलं, अक्षर उमटलं. माऊस हलवला, तसा बाण मुकाट्यानं हलला. मी दारावरचा कागद काढून टाकला.

आता केंद्र पूर्वीसारखं चालतं. लोक म्हणतात, नशीबवान आहेस, सासू मरणाच्या दारातून परत आली. मी हो म्हणते. आमचे हे सुखात आहेत, आणि त्यांचं सुख मला मोडायचं नाही. फक्त आत्यांसाठी मला एकदा मोकळं रडायचंय. पण आतल्या खोलीत त्या जेवायला बसल्यात, ये गं गरम हाय तवर म्हणून मला हाका मारून राहिल्यात. अशा घरात आत्यांसाठी रडायचं तर कुठं जाऊन रडू?